पदवीनंतरची उलटी वाट : बोर्डी, कोसबाड आणि एक शब्द

मालवण किनाऱ्यावरच्या आम्हा अध्यापकांना 'करिअर' या शब्दाची एकच ठरलेली दिशा ठाऊक आहे : पदवी घ्यायची आणि मुंबई गाठायची. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आढळल्या, त्यामागे चाकरमान्यांची ही वाट आहेच. बालविकास, समाजकार्य, धोरण-अभ्यास असे विषय घेऊन संशोधन करणारे विद्यार्थी आता आमच्याही भागातून निघतात. त्यांचे पुढे काय होते, हा विषय अध्यापक-कक्षात निघाला की उत्तरे मुंबई, पुणे, दिल्ली अशीच येतात. म्हणून याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीकडे, उलट्या दिशेने निघालेल्या दोघींकडे वळावेसे वाटते.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२चा, मुंबईचा. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद मिळाले. त्या काळी एखाद्या स्त्रीच्या आयुष्याची सार्थकता झाली असे म्हणायला एवढे पुरेसे होते. ते सोडून १९२३ साली त्या भावनगरला, गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. आजच्या भाषेत हीच त्यांची संशोधनातील उमेदवारी म्हणावी लागेल. माँटेसरीची पद्धती समोर होती. पण तिची साधने महागडी, गाणी-गोष्टी परक्या. मुलांकडे पाहत राहायचे, टिपून ठेवायचे, स्वस्त पर्याय शोधायचे आणि जे आढळले ते 'शिक्षणपत्रिके'त लिहायचे, असा तो अभ्यास होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या सगळ्याला कोणत्याही विद्यापीठाने प्रबंध म्हटले नाही.

१९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. शहरातल्या बालमंदिराचा अनुभव खेड्यात कितपत टिकतो, हे त्यांना पाहायचे होते. तो टिकला नाही, आणि आमच्या मते खरे संशोधन इथून सुरू झाले. बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतली मुले तिच्यापर्यंत पोचत ना. घरापासूनचे अंतर, धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम आणि जातीने आखलेल्या रेघा, सगळेच आड येत होते. तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, असे ठरले. 'अंगणवाडी' हा शब्द या प्रयोगातून आलेला मानला जातो. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरांमागे जात; म्हणून शाळाही गुरांमागे गेली आणि 'कुरणशाळा' झाली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे दोन समास जरा थांबून पाहावेत. दोन्हींत पूर्वपद मुलाच्या जागेचे आहे, आणि संस्था त्याच्या मागून चालते.

अनुताई वाघ यांची वाट याहून अवघड. जन्म १९१०चा, बालपणीच लग्न आणि पाठोपाठ वैधव्य. शिक्षिकेची नोकरी करीत त्या १९४५ साली ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. पदवी मिळाली ती १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, म्हणजे सोळा वर्षे प्रत्यक्ष काम करून झाल्यावर! आधी पदवी, मग संशोधन, मग धोरण हा आपल्या मनातला क्रम इथे पार उलटतो. १९७३ साली ताराबाई गेल्या. पुढे १९९२पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, कोसबाड अनुताईंनी सांभाळले. एकीला पद्मभूषण मिळाले, दुसरीला पद्मश्री.

रूढ क्रमाने जाणारी उदाहरणे महाराष्ट्रात नाहीत असे नव्हे. डॉ. चित्रा नाईक यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट केली, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अभ्यास केला, राज्याच्या शिक्षण खात्यात अधिकारपदे भूषविली आणि त्या नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. तरी त्यांचे आम्हांला मोलाचे वाटणारे काम दिल्लीतले नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी, दिवसाची कामे आटोपल्यावर रात्री भरणारे वर्ग त्यांनी उभे केले. कोसबाडची कुरणशाळा आणि हे वर्ग एकाच घराण्यातले आहेत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द अखिल भारतीय झाला. शब्द गेला, पण त्याचा अर्थ अर्धाच गेला असे आमचे मत आहे. योजनेत पोषण आले, लसीकरण आले, वजनाचे तक्ते आले. ही कामे थोर आहेत आणि त्यांनी मुले जगली. परंतु बोर्डीला अंगणात बसून मुलाचे निरीक्षण करणारी बाई स्वतः अभ्यासक होती. योजनेतली बाई 'मानसेवी' ठरली. तिला पगार नव्हे, 'मानधन' मिळते. कोषात मानधनाचा अर्थ गौरवाचा; व्यवहारात मात्र सेविकेला वेतनश्रेणी न देण्याची सोय त्या शब्दाने झाली. तिला उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२मध्ये सांगावे लागले. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर होत्या.

आमच्याकडे घरापुढच्या अंगणाला खळे म्हणतात. गावातली सेविका घरोघरची खळी ओलांडत फिरते. कोणते मूल बोलायला उशीर करते, कुणाचे वजन पावसाळ्यात घटते, कुणाचा बाप मुंबईला आहे, हे तिला तोंडपाठ असते; २०२१पासून त्यातले बरेचसे मोबाइलवरच्या 'पोषण ट्रॅकर'मध्येही तीच भरते. बालविकासात संशोधन करणारी आमची एखादी विद्यार्थिनी जिल्ह्यात परतली, तर तिची सामग्री या बाईकडेच आहे. तिचे नाव प्रबंधात ऋणनिर्देशात घालायचे की सहसंशोधक म्हणून मुखपृष्ठावर, याबद्दल विद्यापीठाच्या नियमावलीत अजून रकाना नाही.