वर्गातील जागा

सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या माणसाची हजेरीपत्रकावर, जाबत्यावर आणि दाखल-खारीज रजिस्टरावर थोडी अधिकच श्रद्धा असते. बखरकार पक्षपात करील, आत्मचरित्रकार विसरेल. परंतु एकदा शाईने ओळ भरली गेली म्हणजे ती सहसा हलत नाही. म्हणून शाळांचा इतिहास वाचताना माझे लक्ष संस्थापकांच्या तैलचित्रांकडे न जाता वर्गाकडे जाते. चाळीस-पन्नास मुले, एक मास्तर, एक फळा, दाराशी एक शिपाई. त्या खोलीत कोण कोठे बसत होता, कोणत्या भाषेत बोलत होता आणि तहान लागली म्हणजे काय करीत होता, हे कळले की त्या काळाबद्दल बरेच काही कळते.

अशा दोन वर्गांविषयी मी आज बोलणार आहे. एक काठेवाडातील राजकोटचा, सन १८८० नंतरचा. दुसरा साताऱ्याचा, सन १९०० चा. आणि साताऱ्याच्याच धाग्याने पुढे मुंबईचा. दोन्ही ठिकाणची भाषा निराळी, परंतु शिडी एकच होती. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ साली प्रथम झाली. १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हापासून काठेवाडातील दिवाणाचा मुलगा काय किंवा साताऱ्यातील पेन्शनर सुभेदाराचा मुलगा काय, दोघांनाही इंग्रजी इयत्तांच्या पायऱ्या चढून याच एका दारातून जावे लागे.

राजकोटच्या हायस्कुलात मोहनदास करमचंद गांधी हा मुलगा १८८० च्या अखेरीस दाखल झाला. पुढे हे विद्यालय आल्फ्रेड हायस्कूल या नावाने ओळखले गेले. आपल्या या वर्गाविषयी त्यांनी आत्मचरित्रात जे लिहिले आहे, त्यात स्वतःची स्तुती जवळजवळ नाही, म्हणूनच ते इतिहासाच्या कामाचे आहे. मुलगा लाजाळू. घंटेच्या ठोक्याला शाळेत यावयाचे आणि शाळा सुटताच धावत घर गाठावयाचे, कारण वाटेत कोणी थट्टा केली तर काय घ्या! तेराव्या वर्षी लग्न झाले आणि त्यात एक वर्ष बुडाले. पुढे मास्तरांनी वरच्या वर्गात चढवून ते भरून काढू दिले. शिष्यवृत्तीही मिळाली, एका इयत्तेत दरमहा ४ रुपये, पुढच्या इयत्तेत १०. पण तिचे कारण ते स्वतःच प्रांजळपणे सांगतात. ती सोरठ भागातील मुलांपुरती राखलेली होती, आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात सोरठची मुले असून असून किती असणार!

पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर तपासणीस आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांतील ‘केटल’ हा शब्द मोहनदासाने चुकविला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावले की शेजारच्या पाटीवरून पाहून लिही. मुलाला ते उमगलेच नाही. मास्तर आहेत ते नक्कल करू नये म्हणून, अशीच त्याची समजूत. ही गोष्ट आपण सारे मुलाच्या सचोटीसाठी सांगतो. मला मात्र राहून राहून त्या मास्तरांची दया येते. तपासणीचा दिवस म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. साहेब समोर उभे, सगळा वर्ग बरोबर, आणि एकच पाटी चुकीची! या मास्तरांविषयीचा आपला आदर त्या प्रसंगाने कमी झाला नाही, असे गांधींनी नमूद केले आहे. तेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

हेडमास्तर होते दोराबजी एदलजी गिमी, हे पारशी गृहस्थ. शिस्तीचे कडक, काटेकोर, शिकविण्यात वाकबगार, आणि मुलांना प्रिय. त्यांनी वरच्या वर्गांना व्यायाम आणि क्रिकेट सक्तीचे केले. मोहनदासाला दोन्हींचा कंटाळा. त्याचा जीव घरी आजारी वडिलांच्या शुश्रूषेत गुंतलेला. एका शनिवारी सकाळची शाळा होती आणि दुपारी चारला तालमीसाठी परत यावयाचे होते. घड्याळ नाही, आभाळ भरलेले, वेळेचा अंदाज चुकला. पोहोचतो तो सगळे निघून गेलेले. दुसऱ्या दिवशी गिमीसाहेबांनी खरे कारण ऐकून घेतले, पण त्यावर विश्वास ठेवला नाही. आणा-दोन आण्यांचा दंड झाला. दंडाचे दुःख नव्हते. आपण खोटे ठरलो, याचे होते. तो दंड पुढे माफ झाला. हेडमास्तर वाईट नव्हते. परंतु वर्ग नावाच्या संस्थेत मुलाच्या शब्दाला पुरावा लागतो आणि हेडमास्तरांच्या शब्दाला लागत नाही, हे त्या मुलाला त्या दिवशी समजले असावे.

चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून. भूमिती डोक्यावरून जाऊ लागली. युक्लिडच्या तेराव्या सिद्धांताशी पोहोचल्यावर एकदम उजेड पडला की ही तर निव्वळ बुद्धीची सरळ वाट आहे. १९३८ साली ‘हरिजन’मध्ये गांधींनी या दिवसांचा हिशेब मांडला. गणित, भूमिती, बीजगणित, रसायन, ज्योतिष यांत जी चार वर्षे गेली, ते सारे गुजरातीतून एका वर्षात सहज आले असते, असा त्यांचा निष्कर्ष. वर्गात गुजराती बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होई. घरी वडिलांना इंग्रजी येत नव्हते. त्यामुळे मुलगा काय शिकतो आहे हे वडिलांना कळण्याचा मार्गच खुंटला. दिवाणगिरी केलेला कर्तबगार बाप आणि त्याचा शाळकरी मुलगा यांच्यामध्ये पाठ्यपुस्तकाची भिंत उभी राहिली. हा हिशेब थोडा कडवट आहे खरा. परंतु महाराष्ट्रातल्या जुन्या मॅट्रिकवाल्यांनाही तो परका वाटू नये.

आता भाषेच्याच दुसऱ्या प्रसंगाकडे येतो. त्या वर्गात संस्कृत आणि फारसी यांपैकी एक भाषा निवडावी लागे, आणि दोन्ही शिक्षकांत एक प्रकारची चुरस असे. संस्कृतचे कृष्णशंकर पंड्या कसून काम घेणारे. पाठांतराचा बोजा भारी. फारसीचे मौलवी सौम्य. फारसी सोपी आहे, अशी मुलांत कुजबुज. सहाव्या इयत्तेत मोहनदासाचा धीर सुटला आणि एके दिवशी तो फारसीच्या वर्गात जाऊन बसला. पंड्याजींना वाईट वाटले. त्यांनी मुलाला जवळ बोलावून वैष्णव घराण्याची आठवण दिली, अडचण असेल ती माझ्याकडे घेऊन ये म्हणाले, आणि पुढे गोडी लागेल असा भरवसा दिला. मुलगा शरमला आणि परत आला. त्या थोड्याशा संस्कृताच्या बळावरच आपल्याला पुढे आपले धर्मग्रंथ वाचता आले, हे गांधींनी कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. सोपी जागा सोडून अवघड जागेवर परत या, असे एका गुरूने शिष्याला आर्जवाने सांगितले, एवढीच ही घटना.

या घटनेशेजारी मांडण्यासारखी दुसरी घटना वीस-पंचवीस वर्षांनी, आपल्या मराठी मुलखात घडली. तिच्याकडे जाण्यासाठी आधी साताऱ्याच्या वर्गात शिरावे लागते.

साताऱ्याचे सरकारी हायस्कूल जुन्या राजवाड्यात भरे. पुढे ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक १९१४. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळावयाचे ठरविले आहे. रजिस्टरात १९१३ नंतर १९१४ आणि त्यानंतर १९१५. नोंद करणाऱ्या कारकुनाने नंबर सोडला नाही की वेगळे पान घातले नाही. वर्गात मात्र तसे नव्हते.

जुन्या शाळांत मुले हुशारीच्या क्रमाने बसत. वरचा नंबर, खालचा नंबर या शब्दांत त्या काळच्या मुलांची सारी इभ्रत सामावलेली असे. या मुलाला नंबर होता, पण नंबराची जागा नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजी आठवणींत हे अगदी कोरड्या शब्दांत सांगितले आहे. त्यांनी एका कोपऱ्यात वेगळे बसावयाचे. बसण्यास गोणपाटाचा तुकडा, तोही वेगळा. शाळा झाडणारा गडी त्याला हात लावीत नसे, म्हणून तो संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी परत आणावयाचा. इतर मुलांना तहान लागली की मास्तरांची परवानगी पुरे. बाहेर जाऊन नळ सोडला की पाणी. या मुलाला परवानगी मिळूनही पाणी मिळत नसे. नळाला त्याने हात लावावयाचा नाही. दुसऱ्याने नळ सोडला तर प्यावयाचे. मास्तरांना हे काम सांगता येईल असा माणूस एकच, शाळेचा शिपाई. शिपाई हजर असेल तर पाणी. रजेवर किंवा कामाला गेला असेल तर तहान. दप्तरी कामकाजात एक माणूस गैरहजर असला म्हणजे कागद अडतो, हे मी रोज पाहतो; येथे त्या गैरहजेरीने लहान मुलाचा घसा कोरडा राहत होता.

त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण मास्तर होते. मधल्या सुटीत हा मुलगा जेवावयास लांब घरी जातो हे त्यांना आवडेना. ते आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी त्याला रोज देऊ लागले. देताना वरून हातावर टाकीत. रूढी तेथेही सुटली नव्हती, परंतु भाकरीही चुकली नाही. १९३० साली गोलमेज परिषदेला जाताना या मास्तरांचे प्रेमळ पत्र बाबासाहेबांना आले, ते त्यांनी जपून ठेवले होते. अशा माणसाला एका शब्दात चांगला किंवा वाईट म्हणणे मला जमत नाही.

पुढे सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले. हे एकेकाळी लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. मुलाला हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी स्वतः घोकविली होती. राजकोटच्या दिवाणाला जे करता आले नाही, ते या निवृत्त सुभेदाराला करता आले. परळच्या चाळीत एकच खोली. मुलाला झोपता यावे म्हणून बाप जागा राही आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवी. पुस्तकांसाठी पैसे नसले म्हणजे लग्न झालेल्या मुलींकडून दागिना उसना आणून गहाण टाकी.

मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. तेथे एकदा मास्तरांनी गणित सोडविण्यास त्याला फळ्याकडे बोलाविले, आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. याचा स्पर्श होण्यापूर्वी ते उचलावेत म्हणून मुले धावली. डबे बाजूला झाल्यावर त्याचा हात फळ्यापर्यंत पोहोचला.

रामजींची इच्छा मुलांनी संस्कृत शिकावे अशी. घरात कबीराची भजने, रामायण-महाभारताचे वाचन. संस्कृताची ओढ त्यातूनच आलेली. परंतु अस्पृश्याच्या मुलाला आपण संस्कृत शिकविणार नाही, असे संस्कृतच्या शिक्षकांनी सांगितले, आणि भीमरावाला फारसी घ्यावी लागली. राजकोटला जो वर्ग सोडून जाणाऱ्या मुलाला हाक मारून परत बोलावण्यात आले, त्याच विषयाच्या वर्गाच्या उंबऱ्याशी हा मुलगा अडविला गेला. दोन्ही शिक्षकांना संस्कृतविषयी प्रेम होते, याबद्दल मला शंका नाही. एकाला ती विद्या मुलाने टाकू नये असे वाटले. दुसऱ्याला ती मुलापासून जपावीशी वाटली. पुढे बाबासाहेब संस्कृत स्वतःच्या श्रमाने शिकले. आणि १९४९ साली संविधान सभेत राजभाषेचा वाद चालू असता, संस्कृतला ते स्थान द्यावे या सूचनेच्या पाठीराख्यांत त्यांचे नाव होते.

दोघांच्याही परीक्षेचे निकाल उपलब्ध आहेत. मोहनदास १८८७ साली अहमदाबादेस जाऊन मॅट्रिकला बसला. ६२५ पैकी २४७॥ गुण आणि गुणानुक्रमे ४०४ वा. भीमराव १९०७ साली उत्तीर्ण झाला, ७५० पैकी २८२. शेकडा चाळिशीच्या आतले दोघे. दोघांच्या वर्गांत त्यांच्याहून हुशार ठरलेली मुले खासच असतील. राजकोटचे विद्यालय २०१७ साली बंद झाले आणि पुढच्या वर्षी त्या इमारतीत गांधींचे संग्रहालय उघडले.

भीमरावाच्या मॅट्रिकचे मात्र मुंबईत कौतुक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र मुलाच्या हाती दिले. केळुसकर व्यवसायाने शिक्षकच. पण त्याच्या शाळेचे नव्हते, विल्सन हायस्कूलचे. दोघांची ओळख वर्गात झालेली नव्हती. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसे. केळुसकरही तेथे वाचीत बसत. बागेत नंबराप्रमाणे बसण्याची पद्धत नव्हती. काही दिवस त्यांनी त्याला नुसते पाहिले, आणि मग एके दिवशी जवळ जाऊन विचारले की बाळ, तू कोणाचा?