हिशेबावर परका डोळा

ज्याचा पैसा गुंतलेला असतो, तोच हिशेबाची खरी काळजी वाहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंग्लंडच्या कायद्यानेंही एके काळीं हेंच मानलें होतें. रेल्वेचें वेड शिगेस पोहोंचलें असतां, १८४५ सालीं पार्लमेंटानें कंपन्यांसाठीं एक कायदा केला. हिशेबतपासनिसाजवळ कंपनीचा निदान एक तरी शेअर असावा, अशी त्यांत अट होती.

अनुभव मात्र निराळा आला. शेअर बाळगणारास वाढता लाभांश गोड लागे. तो कोठून येतो, हें विचारण्याची त्यास निकड भासत नसे. यॉर्कचा कापडाचा व्यापारी जॉर्ज हडसन हा याच लाटेवर 'रेल्वेचा राजा' म्हणून गाजला. तो अध्यक्ष असलेल्या ईस्टर्न कौंटीज रेल्वेची १८४९ सालीं चौकशी झाली, तेव्हां लाभांश मिळकतींतून नव्हे, तर भांडवलांतून वांटल्याचें उघडकीस आलें. अशा कामीं बेरीज चुकवावी लागत नाहीं. रोजचा खर्च नव्या बांधकामाच्या खातीं टाकला, कीं नफा आपोआप फुगतो.

सुदैवानें तपासनिसांनीं बाहेरचा हिशेबनीस मदतीस घ्यावा, अशी सवलत त्याच कायद्यांत होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या हिशेबांसाठीं त्याच सुमारास विल्यम वेल्च डेलॉइट यास पाचारण झालें. त्याची उमेदवारी लंडनच्या दिवाळखोरीच्या न्यायालयांत झाली होती आणि त्याची कचेरीही त्या न्यायालयासमोरच होती. मालकास आपली एकच पेढी ठाऊक असते. अशा हिशेबनिसानें बुडालेल्या अनेक पेढ्यांच्या वह्या चाळलेल्या असतात. म्हणून घरच्यांस न सुचणारा प्रश्न तो विचारतो: रूळ झिजतात, इंजिनें जुनीं होतात, त्यांच्यासाठीं नफ्यांतून काय राखून ठेवलें आहे? हा प्रश्न वेळीं विचारला गेला, तर लाभांश थोडा घटतो, पण कंपनी तरते.

रेल्वे कंपन्यांपुरती शेअरची ती अट १८६८ सालीं रद्द झाली. भारताचा २०१३ चा कंपनी कायदा तर त्याच्याही पुढें गेला आहे. ज्याच्याजवळ कंपनीचा एकही शेअर असेल, त्यास तिचा हिशेबतपासनीस होतां येत नाहीं. एकेकाळीं जी पात्रता होती, तीच आज अपात्रता ठरली आहे. आपुलकीनें वह्या लिहिल्या जातात. त्या तपासण्यास मात्र परकेपणच लागतें, हा धडा व्यापारी जगानें फार महागांत घेतला आहे.