गाळपेरीचे वाटेकरी

आमच्या आजोबांचा गाळावर राग होता. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे नांदूर मधमेश्वरला इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला. दोन्ही तीरांनी पाट निघाले, खाली कोपरगावकडे ऊस उभा राहिला. पण दर पुरात गंगा (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) माती आणून टाकत गेली. बेटं वर आली, पाणी उथळ झालं. ‘‘बंधारा कसला, परात झालीये,’’ आजोबा करवादायचे.

आजीचं मत निराळं. माघात पाणी ओसरलं की तिच्या माहेरची माणसं उघड्या पडलेल्या पोयट्यात काकड्या-टरबुजं लावायची. त्या गाळपेरीला ना नांगर लागे, ना खत. तिथेच तिने चक्रवाकाची गोष्ट ऐकलेली: शापामुळे रात्री जोडप्याची ताटातूट होते, एक या काठाला, एक त्या. मला ती खरीच वाटायची, कारण अंधारात हाका दोन्ही काठांवरून यायच्या. ही बदकं रात्रीही चरतात आणि चरताना एकमेकांना साद घालतात, हे मोठेपणी कळलं. होळीच्या सुमाराला ती दिसेनाशी होऊ लागली की आजी म्हणायची, ‘‘माहेरी गेली.’’ लडाख-तिबेट तिला ठाऊक नव्हतं. पण त्यांची पिल्लं तिकडेच होतात. बाळंतपण माहेरी, यात तिचं काय चुकलं?

आजोबांच्या वहीत जो तोटा, तो पाखरांच्या वहीत जमा. गुडघाभर पाण्यात पाणवनस्पती माजतात, गोगलगायी-किडे पोसतात. तलवार बदकांना शेपूट वर करून डोकं बुडवलं की तळ गाठता येतो. खोल धरणात ही सोय नाही. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव जाहीर झालं.

चापडगावच्या मनोऱ्यावरून फाल्गुनातली एक सकाळ बघावी. काळे वारकरी, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर ऐसपैस पसरलेले असतात. दलदल भोवत्या गवतावरून खाली येतो आणि क्षणात ते सगळे एकमेकांना चिकटून एकच काळा गोळा होतात, पायांनी पाणी उडवतात. एकटा राहिलेला कोण, हेच भोवत्या शोधत असतो.

धोके मात्र बिनपंखांचे. नाशिकचं सांडपाणी पिऊन जलपर्णी फोफावते. आवर्तनासाठी पाणी सुटलं की पातळी झपाट्याने हलते. त्यात ‘गाळ काढा’ ही मागणी आहेच. माझं म्हणणं, पाटाच्या तोंडाशी काढा. बेटांना हात लावू नका. चुलतभावाला हे पटत नाही. त्याची द्राक्षं आत्ताच उतरायला आलीत आणि भोरड्यांचे थवे बागेवर तुटून पडतायत, त्यामुळे पाखरांचं कौतुक मी त्याच्यासमोर जरा बेतानेच करतो.