रिकामा वार

परवा रविवारी सकाळी आमच्या वरच्या मजल्यावरून फट्ट असा आवाज आला आणि पाठोपाठ वाफेचा मोठा फुत्कार. काठी घेऊन जिना चढलो. वरच्या ब्लॉकमध्ये तीन मुलं भाड्याने राहतात. शहाडहून कल्याण एकच स्टेशन, तिथे कॉलेजात जातात. तिघंही स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि छताला पिवळीधमक डाळ! कुकर काठोकाठ भरलेला होता. डाळीचा फेस शिट्टीच्या भोकात अडकला, वाफेला वाट मिळेना, मग सेफ्टी व्हॉल्व्हने आपलं काम केलं.

कुणाला भाजलं नव्हतं, नशीब. छत पुसता पुसता विचारलं, "बाळांनो, रोज जेवता काय?" म्हणाले, "आजोबा, डबा लावलाय. रविवारी डबा बंद असतो. मग दुपारपर्यंत झोपून राहतो, म्हणजे एक जेवण वाचतं. आज म्हटलं करून बघू."

तिघेही हसले. मला मात्र वडील आठवले.

आमचे वडील 1930 नंतरच्या दशकात पुण्यात शिकायला होते. घरची गरिबी. त्या काळी अशा मुलांना दोन वाटा असायच्या. एक माधुकरी, म्हणजे झोळी घेऊन ठरलेल्या घरी जायचं आणि शिजलेलं अन्न मागून आणायचं. दुसरी वार लावून जेवणं, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वारांना सात यजमान. वडिलांना सहाच घरं मिळाली. गुरुवार रिकामा राहिला. कुणी विचारलं तर सांगायचे, "गुरुवारी माझा उपास असतो." पुढे नोकरी लागली, संसार झाला, तरी गुरुवारचा उपास सुटला नाही. आई भक्तिभावाने साबुदाणा भिजवायची. उपासाची खरी गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली ती निवृत्तीनंतर, आणि तीही एकदाच.

आमच्या नात्यात वारांच्या आठवणी फार कौतुकाने सांगतात. पुण्याच्या त्या माउल्यांनी पोरं शिकवली, हे खरंच आहे. पण सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं की ती दारं बहुतेक ब्राह्मणाच्या मुलांसाठीच उघडी होती. बाकीच्या जातींच्या हुशार मुलाने शहरात येऊन जेवायचं कुठे? हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी ओळखला. 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यापुढे पाऊल टाकलं. 1924 मध्ये साताऱ्याला त्यांनी जे बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची आणि स्वयंपाकालाही स्वतःच हात लावायची. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. स्वतःच्या हाताने शिजवलेली भाकरी खाताना कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही, हा धडा त्या मुलांना पुस्तकाबाहेर मिळाला.

परदेशी गेलेल्या मोठ्या माणसांची गतही वेगळी नव्हती. गांधीजी लंडनला बॅरिस्टरी शिकत असताना काटकसर म्हणून त्यांनी एकच खोली घेतली आणि एक स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी, रात्री पाव आणि कोको. दिवसाचा जेवणखर्च सव्वा शिलिंग! 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर राहत होते. दिवसभर ग्रंथालय, आणि रात्री ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. गांधीजींनी साधेपणा निवडला होता, बाबासाहेबांना निवड नव्हती. पुढे 1923 मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. त्या पदवीचा मान सगळे सांगतात. मला मात्र ते पापड विसरता येत नाहीत.

असो. आता कुकरकडे येतो. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं भांडं मांडलं. भांडं फुटू नये म्हणून वाफेला वाट देणारा व्हॉल्व्हही त्याचाच. आपल्याकडे 1959 च्या सुमारास कुकर तयार होऊ लागले. कोंडलेल्या वाफेने आत सुमारे 120 अंश तापमान होतं, म्हणून तासाभराची डाळ पंधरा मिनिटांत शिजते. आमच्या तरुणपणी रॉकेलच्या स्टोव्हवर पिठलं-भात करताना भांडी काळी आणि डोळे लाल व्हायचे. आजच्या मुलांकडे गॅस आहे, कुकर आहे. फक्त कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून त्याच दिवशी तिघांना ओट्याशी उभं केलं आणि फळ्यावर लिहावं तसं सांगितलं. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, दोन्ही धुवून. तेलात मोहरी, हिंग, हळद. चिरलेलं गाजर, मूठभर पालक, फोडणीत परतायचं. पाच वाट्या पाणी, मीठ. कुकर निम्म्यावर भरायचा नाही, आणि शिट्टीचं भोक आधी उजेडात धरून बघायचं! तीन शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. वरून चमचाभर तूप. तांदळात लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी, दोघं एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या आज्यांना ही नावं माहीत नव्हती, पण आजाऱ्याला आणि तान्ह्याला त्या खिचडीच द्यायच्या. घरून परत येताना मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आणा म्हटलं, महिनाभर टिकते.

काल पुन्हा रविवार होता. दुपारी बेल वाजली. तिघांतला सगळ्यात धाकटा वाटी घेऊन दारात उभा. "आजोबा, बघा तरी कशी झालीय."

मीठ जरा जास्त झालं होतं. त्याला सांगितलं नाही. वाटी धुवून परत देताना आमच्याकडचे दोन रव्याचे लाडू घातले आणि म्हटलं, पुढच्या रविवारी पाणी अर्धी वाटी वाढव.