पेटीचा भाता आणि यूएसबीची वायर

इयरफोन लावले ना? आजची गोष्ट एका साध्या वायरची आहे. पण सुरुवात आमच्या घरापासून करतो.

आमचे आजोबा मूर्तिजापूरजवळच्या गावात भजनी मंडळात पेटी वाजवायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, सोबत खंजिरी, म्हणजे आपल्या वऱ्हाडातला नेहमीचा थाट. आता ऐंशी पार झाली, बोटं थरथरतात. म्हटलं, जमतंय तोवर रेकॉर्ड करून ठेवू. पेटी बेसूर झाली होती, म्हणून अमरावतीच्या घरी मी कीबोर्ड लॅपटॉपला जोडला. आजोबांनी दोन ओळी वाजवल्या आणि थांबले. "काऊन रे, याचा भाता कुठी हाये?"

हसू नका. हा प्रश्न फार जुना आहे.

पेटी मूळची आपली नाही. १८४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबेननं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिचा भाता पायानं चालायचा. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी बनवली. मग मांडी घालून बसा, डाव्या हातानं हवा भरा, उजव्या हातानं वाजवा. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी मराठी संगीतात तिला मान मिळवून दिला.

पण विरोधही तेवढाच होता. सप्तकात १२ पट्ट्या, दोन पट्ट्यांच्या मधला सूर लागतच नाही, मग मींड कशी घ्यायची? या कारणावरून १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. रेडिओवर पेटी बंद, पण गावोगावच्या भजनात चालूच! लोकांनी काही आकाशवाणीला विचारलं नाही.

आता वायरकडे येऊ. १९८० च्या आसपास प्रत्येक कंपनीच्या सिंथेसायझरची भाषा वेगळी होती. एकाचं दुसऱ्याला कळत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि सगळ्यांसाठी एक भाषा ठरली, ती म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरनं जोडून दाखवले गेले. १९९९ मध्ये हीच भाषा यूएसबीवर आली. अँड्रॉइड फोनला ती २०१५ पासून समजते, म्हणजे ओटीजी वायर असली की तुमचा फोनही चालतो.

गंमत अशी की या वायरीतून आवाज जातच नाही. जातो फक्त निरोप: कोणती पट्टी दाबली आणि किती जोरात. एका निरोपाला ३ बाइट. पट्ट्यांना ० ते १२७ असे नंबर, मधला सा (म्हणजे मिडल सी) ६०. आवाज नंतर कॉम्प्युटर तयार करतो. म्हणजे मिडी वादकाची बोटं लिहून ठेवतं.

मग भाता? त्याचीही सोय या भाषेत आहे. कंट्रोलर नंबर ११, नाव एक्स्प्रेशन. सूर चालू असतानाच आवाज कमीजास्त करतो, अगदी भात्यासारखा. आणि आकाशवाणीची जुनी तक्रार, ती मींड? त्यासाठी पिच बेंडचं चाक, १६,३८४ पायऱ्यांचं. १९४० च्या भांडणाचं अर्धं उत्तर त्या चाकात होतं.

माझ्या कीबोर्डला डावीकडे दुसरं चाक आहे, मॉड्युलेशनचं. सॉफ्टवेअरमध्ये ते नंबर ११ ला जोडलं आणि आजोबांचा डावा हात त्यावर ठेवला. पाच मिनिटं ते नुसतं चाक वरखाली करत बसले. मग म्हणाले, "हाव, आता श्वास घेते हे."

तुम्हीही घरी करणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल, तर बफर १२८ वर आणा, मग त्यातला उशीर ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. आणि क्वांटाइज नावाचं बटण असतं, ते प्रत्येक सूर ओढून तालावर बसवतं. माझा हात त्या बटणावर गेला होता, खरं सांगतो. थरथर गेली असती, भजन एकदम सरळ झालं असतं.

नाही दाबलं. मग त्यात आजोबा कुठे राहिले असते?

तुमच्या गावात कुणी जुने पेटीवाले असतील, तर या सुट्टीत वायर घेऊन जा. चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू!