चढाईची निवड (कबड्डी)

चढाईची निवड : कबड्डीत चढाईपटूने आपल्या तीस सेकंदांच्या मुदतीत गडी टिपावयाचा, बोनस घ्यावयाचा की रिकाम्या हाताने मध्यरेषेवर परतावयाचे, याविषयी केलेला निर्णय, आणि व्यापक अर्थाने, बाद फेरीकडे डोळे लावून बसलेल्या संघाने आपला अव्वल गडी कोणत्या प्रसंगी खर्ची घालावा, याचे धोरण. अमेरिकेच्या एन.बी.ए. स्पर्धेत १९७९ साली तीन गुणांची रेषा आखली गेल्यापासून बास्केटबॉलपटूने फेक कोठून करावी याचा जो ऊहापोह चालत आला, त्याच जातीचा हा प्रश्न होय; मात्र तेथे फेक हुकल्यास बहुधा चेंडूच जातो, येथे चढाई फसल्यास खुद्द चढाईपटू बाहेर जातो, आणि सोबत्यांनी गुण मिळवून त्यास जीवदान देईपर्यंत संघाला त्याच्यावाचून निभवावे लागते.

पुरुषांच्या १३ × १० मीटरच्या क्रीडांगणात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर व बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटरवर असते. समोर सहा वा सात गडी उभे असतील तरच बोनस लागू होतो, व तोही पुढला पाय रेषेपलीकडे टेकलेला असताना मागला अधांतरी राहिला तरच; नेमक्या त्याच क्षणी कोपरारक्षक घोट्यावर झेप घेतो. उलटपक्षी समोर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता चढाई सोपी वाटते खरी, परंतु तेव्हाची पकड प्रतिपक्षास दोन गुण देऊन जाते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की प्रो कबड्डीत तिसरीत गुण मिळवणे अथवा बाद होणे, याखेरीज गत्यंतर नसते. हे तिसऱ्या चढाईचे ओझे दर खेपेस नायकानेच वाहावे, हा आपल्याकडचा जुना दस्तूर. प्रस्तुत लेखकाच्या मते तो घातक आहे.

शहापूर-मुरबाड तालुक्यांत भातकापणी उरकली, खाचरे मोकळी झाली, की खर्डीसारख्या गावी चुन्याच्या रेषा आखून अनवाणी पायांनी चालणारे सामने ज्यांनी पाहिले, त्यांना हा दस्तूर निराळा सांगावयास नको. गावाचा हुकमी गडी दम घालत निघाला की कडेची माणसे गुडघ्यांवर उठतात. तो कोपऱ्याला नुसता हुलकावून, कोणास न टिपता परतला तर ‘घाबरला’ म्हणून त्याचा उद्धार होतो. त्या परतण्याने अर्धे मिनिट घड्याळातून गेले आणि आघाडी शाबूत राहिली, हे गुणलेखकाच्या वहीत उमटत नाही.

या बाबतीत अभ्यासण्याजोगे उदाहरण प्रो कबड्डीतील पुणेरी पलटण या संघाचे. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, दुखापतग्रस्त अस्लम इनामदारवाचून उतरलेला हा संघ जयपूरकडून २९-३३ असा हरला. दहाव्या हंगामात बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली, अहमदनगर (हल्लीचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील या अस्लमकडे नायकत्व देऊनही चढायांचा भार मोहित गोयत, पंकज मोहिते व आकाश शिंदे यांच्यात वाटला गेला, आणि पकडींची बाजू इराणच्या मोहम्मदरझा शादलुईने सांभाळली. विजयास पाच, बरोबरीस तीन, सात वा त्याहून कमी गुणांच्या पराभवास एक, असा त्या वेळचा हिशेब होता. बावीस सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबऱ्या व दोन पराभव, म्हणजे ८५ अधिक ९ मिळून ९४. पण तक्त्यात पलटणचे गुण ९६ होते. वरचे दोन त्या दोन पराभवांचे. हरतानाही अंतर न वाढू देण्याचे. बारांपैकी पहिले सहा संघ बाद फेरीस पात्र, त्यांतील पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, अशी तेव्हाची रचना असल्याने या किरकोळ वाटणाऱ्या जमेस तक्त्याच्या मध्यावरील संघांच्या लेखी फार मोल असे.

१ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पलटणने हरियाणास २८-२५ असे नमवून प्रथमच विजेतेपद मिळविले. त्या लढतीत एकाच चढाईत चार गुण आणले ते पंकज मोहितेने, नायकाने नव्हे. हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडू मात्र अस्लमच ठरला, व त्यात विसंगती नाही. पुढील हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो मध्येच बाहेर पडला आणि गतविजेत्यांना पहिल्या सहांतही स्थान मिळाले नाही. तेव्हा भार वाटून घेण्यासही वाटणारा मैदानात लागतो, एवढे या नोंदीस जोडावे लागते.