हाताशी पाच तास होते: १९४५ ची त्सुनामी आणि किनाऱ्यावरचे पाहुणे

जबलपूर जिल्ह्यातील आमचे शहपुरा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. जमीन हादरली की मोकळ्या जागेत धावावे, हे येथील मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडून कळते. कारण २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला झालेला ५.८ तीव्रतेचा भूकंप त्यांनी अनुभवलेला आहे. समुद्राविषयीची अशी आठवण मात्र आपल्या घरांत नाही. सुट्टीत रेल्वेने मुंबई गाठून जुहूच्या वाळूवर उतरणारा आपल्याकडचा माणूस तेथे केवळ पाहुणा असतो. त्याच किनाऱ्याचा एक विस्मृतीत गेलेला इतिहास येथे सांगतो.

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातील मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी आठनंतर त्याच्या लाटा मुंबईस पोहोचल्या. त्यांची उंची सुमारे २ मीटर होती. वर्सोवा आणि हाजी अली येथे माणसे बुडाली, जुहू व दांडा येथे मच्छीमारांच्या होड्या दोर तुटून वाहून गेल्या. मुंबईत १५ जण वाहून गेल्याची नोंद आहे.

भूकंप आणि लाट यांच्यात सुमारे पाच तासांचे अंतर का पडले? त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीच्या वर्गमुळाशी समप्रमाणात असतो. ४,००० मीटर खोल समुद्रात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते. ७० मीटर खोलीवर हाच वेग ताशी शंभर किलोमीटरपेक्षाही कमी होतो. मुंबईसमोरचा उथळ भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. तेवढे अंतर कापण्यातच लाटेचे तीन तास खर्च होतात. निसर्गाने सवड दिली होती. निरोप पोहोचवणारी व्यवस्था मात्र नव्हती.

२६ डिसेंबर २००४ रोजी निरोपाचे मोल जगाला कळले. भूकंपाच्या केंद्राजवळच्या इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर सुमारे ७८,००० लोक राहत होते. त्यांपैकी केवळ ७ जण दगावले. १९०७ च्या लाटेची आठवण तेथे ‘स्मोंग’ या शब्दातून पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली होती, म्हणून धरणी हलताच लोक टेकड्यांवर गेले. थायलंडच्या फुकेत बेटावर सुट्टीसाठी आलेल्या टिली स्मिथ या १० वर्षांच्या इंग्रज मुलीने समुद्राचे विचित्र फेसाळणे पाहिले आणि घरच्यांना सावध केले. भूगोलाच्या तासाला हे लक्षण ती नुकतीच शिकली होती. त्या किनाऱ्यावरील सुमारे शंभर जण वाचले. बेटवासीयांना परंपरेने वाचवले, पाहुण्यांना शाळेतल्या एका धड्याने.

त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. १९४५ मध्ये नसलेली व्यवस्था उभी राहिली. तरीही मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात फिरायला आलेले ५ वैद्यकीय विद्यार्थी समुद्राने ओढून नेले. दूरच्या महासागरातील वादळांमुळे उठणाऱ्या या उंच लाटा स्थानिक आकाश निरभ्र असतानाही येतात; केरळमध्ये त्यांना ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, म्हणतात. इन्कॉइसने या लाटांचा इशारा आधीच दिलेला होता. १९४५ मध्ये इशाराच नव्हता. २०२४ मध्ये इशारा असूनही माणसे पाण्यात होती.

स्थानिक मच्छीमाराला समुद्राचा स्वभाव अनुभवाने कळतो. पर्यटक पाहतो ते निळे आकाश आणि पाण्यात उतरलेले इतर पर्यटक. त्यांनाच तो सुरक्षिततेचा पुरावा समजतो. म्हणून किनारपट्टीची आपत्ती-सज्जता केवळ किनाऱ्यावर पूर्ण होत नाही. तिचा एक भाग शहपुऱ्यासारख्या गावांतील वर्गखोल्यांतच घडायला हवा.

सहलीला निघण्यापूर्वी इन्कॉइसची सूचना पाहावी. तेथे गेल्यावर जीवरक्षकाला किंवा कोळी बांधवांना विचारावे, आणि त्यांनी ‘नको’ म्हटले तर पाण्यात उतरू नये. किनाऱ्यावर असताना जमीन जोराने हादरली, पाणी अचानक आटले किंवा समुद्राची गर्जना ऐकू आली, तर भोंग्याची वाट न पाहता उंच जागा गाठावी. मकरानच्या वेळी पाच तास मिळाले होते. भूकंप किनाऱ्याजवळ झाला तर हाती मोजकी मिनिटेच असतील.

#विज्ञान #इतिहास #त्सुनामी